पित्ताशय, रोबोट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता: डोंबिवलीहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईचे वय ६२ वर्षे असून त्यांच्या पित्ताशयात खडे आहेत आणि गेल्या सहा महिन्यांत पोटात दुखण्याचे दोन झटके येऊन गेले आहेत. घराजवळच्या सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घेतले, तेव्हा तेथे 'एआयच्या साहाय्याने रोबोटिक शस्त्रक्रिया' असा पर्याय सुचवण्यात आला आणि त्यासाठी सुमारे दीड लाख रुपये जास्त लागतील असे सांगण्यात आले. शस्त्रक्रिया रोबोट करणार की डॉक्टर, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे धोका खरोखर कमी होतो का, आणि काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी २८ वर्षे मुंबईत पोटाच्या शस्त्रक्रिया करतो आहे, पहिली काही वर्षे महापालिकेच्या रुग्णालयात आणि नंतर खासगी व्यवसायात. रोबोटवर मी स्वतः काम करतो आणि शस्त्रक्रियेच्या व्हिडिओंवर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवून पाहण्याचा अनुभवही मला आहे. विषय नाजूक आहे आणि जाहिरातींनी त्याचा बराच गुंता करून ठेवला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी शब्द वेगळे करू. आपल्याला जे सांगण्यात आले त्यात बहुधा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्या आहेत. पहिली म्हणजे रोबोट, म्हणजे सर्जनच्या हाताच्या हालचाली पोटातील अवजारांपर्यंत पोचवणारे यंत्र. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याची प्रगत सोय, उदाहरणार्थ शिरेतून हिरवे औषध देऊन विशिष्ट प्रकाशात पित्तनलिका उजळून दाखवणे. ही सोय अत्यंत उपयुक्त आहे, पण तिच्यात बुद्धिमत्ता नावाचे काही नाही, ते शुद्ध रसायनशास्त्र आहे आणि साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही ते वापरता येते. तिसरी गोष्ट म्हणजे खरी कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे हजारो चित्रांवरून किंवा नोंदींवरून शिकून समोरच्या चित्राबद्दल अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर. पहिल्या दोन गोष्टी आज मुंबईत अनेक ठिकाणी मिळतात. तिसरी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत चालू थिएटरमध्ये प्रत्यक्ष वापरात असलेली मला क्वचितच दिसते, आणि म्हणून माहितीपत्रकावर 'एआय' छापलेले असेल, तर ते नेमके कोठे आणि काय करते हे विचारणे हा आपला हक्क आहे.

रोबोटबद्दलचा गैरसमज जुना आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी राउंडला गेलो की रोबोटची निवड केलेले रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, पण तुम्ही तिथे असाल ना?" मी तिथेच असतो. टेबलापासून दोनतीन मीटरवर एका कन्सोलमध्ये डोके घालून बसलेला असतो, माझी बोटे दोन चिमट्यांमध्ये अडकवलेली असतात आणि मी बोट हलवले तरच पोटातील अवजार हलते. मी डोके बाहेर काढले की यंत्र जागच्या जागी थांबते. रुग्णाच्या शेजारी माझा सहकारी आणि सिस्टर उभे असतात, आणि वेळ आलीच तर हात धुऊन, गाऊन चढवून पोट उघडायला मीच जातो.

या यंत्रांचा इतिहासही हेच सांगतो. १९८५ साली अमेरिकेत कारखान्यातील कामासाठी बनवलेला 'प्युमा ५६०' हा यांत्रिक हात मेंदूतील गाठीचा तुकडा घेण्यासाठी सुई धरायला वापरला गेला. २००० साली 'दा विंची' या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे असलेल्या रुग्ण महिलेचे पित्ताशय 'झ्यूस' रोबोटच्या साहाय्याने काढले. मधे अटलांटिक महासागर होता, तरीही प्रत्येक निर्णय माणसाचा होता. रोबोट हाताची थरथर गाळतो, मनगटासारखी वळणारी अवजारे देतो आणि खोली दाखवणारे मोठे, स्पष्ट चित्र देतो. कोठे कापायचे हे तो सांगत नाही.

मग स्वतःहून शस्त्रक्रिया करणारे यंत्र नाहीच का? प्रयोगशाळेत आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने 'स्टार' नावाच्या यंत्राकडून जिवंत डुकरांच्या आतड्याची दोन टोके दुर्बिणीच्या पद्धतीने जोडून घेतली आणि ते काम २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. शस्त्रक्रियांचे व्हिडिओ पाहून शिकलेल्या यंत्राने शरीराबाहेर काढलेल्या, डुकरांच्या आठ पित्ताशयांवर नलिका आणि रक्तवाहिनीला क्लिप लावून त्या कापण्याचा टप्पा माणसाचा हात न लागता पूर्ण केला. काम विलक्षण आहे, यात शंका नाही. पण टेबलावर ठेवलेल्या त्या अवयवातून रक्त वाहत नव्हते, श्वासाबरोबर तो वरखाली होत नव्हता आणि त्याला वर्षानुवर्षांच्या सुजेने आतडे चिकटलेले नव्हते. आपल्या आईंची शस्त्रक्रिया यातले कोणतेही यंत्र करणार नाही, एवढे निःशंकपणे सांगतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनला सर्वांत जास्त भीती कशाची असते, हे समजल्याशिवाय यंत्राचा उपयोग किती याचा अंदाज येणार नाही. पित्ताशयातून एक बारीक नळी निघते, तिला आम्ही सिस्टिक डक्ट म्हणतो. ही नळी यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. शस्त्रक्रियेत बारीक नळीला क्लिपा लावून ती कापायची असते आणि मुख्य नलिकेला धक्का लावायचा नसतो. पित्ताशय जोरात ओढले गेले किंवा सुजेने सगळे एकत्र गोळा झाले, तर मुख्य नलिकाच बारीक नळीच्या जागी येऊन बसते आणि अगदी तिच्यासारखी दिसते. ती कापली गेली, तर काविळीपासून पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत रुग्णाच्या मागे वर्षानुवर्षांचे दुष्टचक्र लागते. ही इजा दुर्मीळ आहे, ढोबळमानाने हजार शस्त्रक्रियांमागे तीन ते पाच, पण जिच्या वाट्याला येते त्या व्यक्तीला आकडेवारीचा काही दिलासा नसतो.

ही इजा का होते याचा एक उत्तम अभ्यास अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अशा २५२ इजा तपासल्या आणि त्यांना असे दिसले की ९७ टक्के वेळा मूळ कारण हाताचे कौशल्य कमी पडणे हे नव्हते, तर डोळ्यांची फसगत हे होते. सर्जनला समोर बारीक नळीच दिसत होती, त्याची तशी खात्रीच होती, आणि त्या खात्रीपोटी त्याने सफाईदारपणे चुकीची नळी कापली. माझ्या संपूर्ण उत्तराचा कणा हा अभ्यास आहे. धोका डोळ्यांच्या आणि निर्णयाच्या बाजूला असेल, तर हात अधिक स्थिर करणारे महागडे यंत्र तो धोका आपोआप कमी करील असे मानण्याला आधार नाही.

प्रत्यक्ष आकडेही सावध करणारेच आहेत. अमेरिकेतील मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्यविमा योजनेखालील दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी लागेल अशी पित्तनलिकेची इजा रोबोटच्या गटात ०.७ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात ०.२ टक्के आढळली. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे, रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, आणि त्या काळात बरेच सर्जन रोबोट नुकतेच शिकत होते, त्यामुळे 'रोबोट वाईट' असा निष्कर्ष मी काढणार नाही. मी स्वतः प्रोस्टेट, गुदाशय आणि अवघड हर्निया यांच्या शस्त्रक्रियांत रोबोटचा फायदा मानणाऱ्यांपैकी आहे. परंतु नेहमीच्या पित्ताशयासाठी रोबोट अधिक सुरक्षित आहे, असे म्हणणाऱ्याने पुरावा दाखवला पाहिजे.

मुंबईला हा धडा एकदा मिळालेला आहे. १९९० साली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात भारतातील दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा अनेक ज्येष्ठांनी नाके मुरडली होती. पुढे त्यांचे म्हणणे खरे ठरले आणि आज पोट फाडून पित्ताशय काढणे हा अपवाद झाला आहे. पण जगभर त्या सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजा वाढल्या होत्या हेही तितकेच खरे आहे. पद्धत चांगली होती, हात आणि डोळे नवखे होते.

त्या इजांवरचा उपाय डॉ. स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडला आणि तो यंत्राचा नव्हता, शिस्तीचा होता. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: नळी आणि रक्तवाहिनीच्या त्रिकोणातील सगळी चरबी व तंतू साफ झालेले असावेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश हिस्सा यकृतापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी शिल्लक राहिलेल्या असाव्यात. माझ्या प्रशिक्षणाच्या काळात आमच्या युनिटचे प्रमुख या टप्प्यावर मला अवजारे मागे घ्यायला लावत, दुर्बीण मागे ओढून सगळे चित्र दाखवायला सांगत आणि मग शांतपणे विचारत, "ही सिस्टिक डक्टच आहे असं तू कशावरून म्हणतोस?" उत्तरात 'वाटतं' हा शब्द आला की क्लिपचे अवजार सिस्टरकडे परत जाई. पहिल्या वर्षी मला त्यांचा राग येत असे, कारण बाहेर ट्रॉलीवर पुढचा रुग्ण वाट पाहत असे आणि दुपारचे दोन वाजून गेलेले असत.

कृत्रिम बुद्धिमत्ता पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत जे करू पाहते आहे, ते नेमके याच प्रमुखांचे काम आहे. स्ट्रासबर्गच्या गटाने (हे फ्रान्समधील शहर, वर उल्लेखलेले डॉक्टर नव्हेत) ८० शस्त्रक्रियांचे व्हिडिओ संशोधनासाठी खुले केले आणि त्यांवर शिकून शस्त्रक्रियेचा कोणता टप्पा चालू आहे हे ओळखणारी सॉफ्टवेअरे जगभर तयार झाली. पुढे त्याच शहरातील संशोधकांनी वरच्या तीन अटी पूर्ण झाल्या की नाही हे चित्रावरून सांगणारी प्रणाली बनवली. टोरांटो येथील गटाने २९० व्हिडिओ वापरून पडद्यावर दोन रंग दाखवणारी प्रणाली तयार केली: येथे काम करणे सुरक्षित तो भाग हिरवा, येथे जाऊ नका तो लाल. विचार योग्य दिशेचा आहे. हात नव्हे, डोळा सुधारायचा.

तरीही मी सावध का आहे, हे सांगण्यासाठी एक अनुभव लिहितो. काही काळापूर्वी एका कंपनीची माणसे अशीच प्रणाली घेऊन माझ्याकडे आली होती. मी त्यांना माझ्या जुन्या शस्त्रक्रियांचे, रुग्णाची कोणतीही ओळख नसलेले चार व्हिडिओ दिले आणि आम्ही दवाखाना संपल्यावर ते पडद्यावर चालवून पाहिले. पहिल्या दोन व्हिडिओंत हिरवा पट्टा मी स्वतः काढला असता तेथेच आला आणि मला मनापासून आनंद झाला. तिसरा व्हिडिओ एका अशा बाईंचा होता ज्यांनी चार वर्षे दुखणे अंगावर काढले होते. पित्ताशय आक्रसून सुपारीएवढे झालेले, लहान आतडे त्याला चिकटलेले, कॉटरीच्या, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवणाऱ्या अवजाराच्या, धुराने चित्र करडे झालेले. त्या शस्त्रक्रियेत मी पाऊण तास झटून शेवटी पोट उघडले होते, त्यामुळे मुख्य नलिका कोठे होती हे मला नक्की ठाऊक होते. पडद्यावर हिरवा पट्टा सात-आठ सेकंद बरोबर तिच्यावर पसरलेला होता. पहिल्या व्हिडिओत जितका ठसठशीत हिरवा रंग होता, तितकाच ठसठशीत. त्या कंपनीचा तरुण अभियंता प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, अशा केसेस आमच्याकडे फारशा नाहीतच."

चूक झाली याचे मला आश्चर्य वाटले नाही. रेसिडेंट, म्हणजे आमच्या हाताखाली शिकणारे डॉक्टर, चुकतात, मीही चुकलो आहे. खटकले ते हे की सोप्या आणि अवघड चित्रात यंत्राच्या आवाजात काहीच फरक नव्हता. चांगला रेसिडेंट अशा वेळी म्हणतो, "सर, मला कळत नाहीये," आणि त्याचे हे वाक्य शस्त्रक्रियेत सर्वांत मोलाचे असते, कारण ते ऐकले की सर्जन मार्ग बदलतो: वरून खाली सोडवत येतो, पित्ताशयाचा काही भाग आतच ठेवून बाकीचा काढतो, नाहीतर पोट उघडतो. आणि ही अडचण मुंबईत विशेष आहे. आमच्याकडे येणारे रुग्ण दोन झटके आले की लगेच शस्त्रक्रियेला येत नाहीत. मुलीचे लग्न, गणपती, सुट्टी, पैसा, कोणीतरी सुचवलेला काढा, असे करत ते दोन-तीन वर्षांनी येतात आणि तोपर्यंत ते पित्ताशय परदेशी व्हिडिओंतल्या पित्ताशयासारखे राहिलेले नसते. ज्या शरीरांवर यंत्र शिकले आणि ज्या शरीरावर ते वापरायचे आहे, त्यांत अंतर असेल तर ते अंतर रुग्णाच्या वाट्याला येते.

आपल्याला ठाऊक नाही हे ओळखणारे यंत्र बनवता येते, हे मात्र सिद्ध झाले आहे, आणि त्याचे मला माहीत असलेले सर्वोत्तम उदाहरण मेंदूच्या शस्त्रक्रियेतील आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी 'स्टर्जन' नावाची प्रणाली बनवली. मेंदूतील गाठीचा तुकडा काढला की रुग्ण टेबलावर असतानाच त्यातील डीएनएची अर्धवट वाचणी करून गाठीचा प्रकार ती सांगते, म्हणजे गाठ किती मूळापर्यंत खरवडायची आणि कोठे थांबायचे याचा निर्णय त्याच शस्त्रक्रियेत घेता येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २५ प्रत्यक्ष शस्त्रक्रियांपैकी १८ मध्ये तिने दीड तासाच्या आत योग्य निदान दिले. उरलेल्या सातांत तिने चुकीचे निदान दिले नाही, ठरवलेल्या खात्रीच्या पातळीपर्यंत पोचलो नाही म्हणून ती गप्प राहिली. अठरापेक्षा मला ते सात अधिक आश्वासक वाटतात. अमेरिकेतील एका अभ्यासात, २०२० मध्ये, गाठीच्या ताज्या तुकड्याचे लेझरने घेतलेले चित्र वाचून यंत्राने अडीच मिनिटांच्या आत निदान दिले आणि २७८ रुग्णांत त्याची अचूकता ९४.६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची ९३.९ टक्के होती. थिएटरबाहेर फ्रोझन सेक्शनच्या, म्हणजे तुकडा गोठवून केलेल्या तातडीच्या तपासणीच्या, रिपोर्टची वाट पाहत हात बांधून उभे राहण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना अडीच मिनिटांचे मोल समजेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा खरा, रोजचा उपयोग चाकू हातात घेण्याच्या आधी आहे, हेही नमूद करायला हवे. अपघातातील रुग्णाच्या डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आहे का हे ओळखून तो स्कॅन रांगेत पुढे आणणारी सॉफ्टवेअरे आहेत, आणि या कामात मुंबईच्या 'क्युअर.एआय' या कंपनीच्या संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. रात्री तीन वाजता एकच रेडिओलॉजिस्ट जागा असलेल्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो, हे समजावून सांगण्याची गरज नाही. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत सीटीवरून हाडाचा आराखडा काढून किती अंशांत कापायचे हे आधी ठरवता येते. तातडीच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे याचा अंदाज देणारी गणिते आहेत आणि नातेवाइकांशी बोलताना मी ती पाहतो, त्यांच्यावर विसंबत नाही. भूलतज्ज्ञांकडे रक्तदाब पडण्याच्या काही मिनिटे आधी इशारा देणारी यंत्रणा आली आहे. तिच्या अभ्यासांच्या पद्धतीवर त्यांच्यातच वाद आहे, तेव्हा तेथे मी नाक खुपसत नाही.

एका धोक्याबद्दल मात्र आम्हा डॉक्टरांत पुरेसे बोलले जात नाही. २०२५ मध्ये पोलंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत गाठी दाखवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता काही केंद्रांत सुरू झाली होती. ती सवयीची झाल्यावर, तिच्याविना केलेल्या तपासण्यांत त्याच अनुभवी डॉक्टरांना किती वेळा गाठी सापडतात हे पाहिले, तर प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले होते. एका अभ्यासावरून कायमचा निष्कर्ष काढू नये, पण मला हे पटते, कारण गाडीतला नकाशा बोलू लागल्यापासून मी स्वतः विलेपार्ल्यातल्या गल्ल्या विसरलो आहे. ज्या रेसिडेंटने पहिल्या दिवसापासून हिरवा पट्टा पाहूनच नळी ओळखली, त्याच्या पडद्यावरचा पट्टा एखाद्या दिवशी नाहीसा झाला तर तो काय करील? म्हणून माझ्या हाताखालच्या मुलांनी आधी बोट ठेवून नळी दाखवायची, मग यंत्र काय म्हणते ते पाहायचे, असा क्रम मी त्या कंपनीच्या चार व्हिडिओंच्या चाचणीपासून ठरवून टाकला आहे. शिकवण्यासाठी जुने व्हिडिओ टप्प्याटप्प्याने कापून देण्याचे काम सॉफ्टवेअर उत्तम करते. पूर्वी त्यासाठी माझा रविवार जात असे.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. त्याचे उत्तर आजच्या घडीला सोपे आहे: निर्णय सर्जनचा, म्हणून उत्तर देण्याची जबाबदारीही त्याची आणि रुग्णालयाची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात स्पष्ट केले, आणि रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके सांगून संमती घेतली पाहिजे, हे २००८ च्या समीरा कोहली निकालात आले. 'यंत्राने हिरवे दाखवले होते' हा बचाव माझ्या मते कोणत्याही मंचापुढे टिकणार नाही, आणि टिकूही नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांतही अंतिम देखरेख माणसाची असावी हाच आग्रह आहे. निदान किंवा उपचारासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते, त्यामुळे त्याला मान्यता आहे का, हे रुग्णालयाला विचारता येते. कंपनीकडे बोट दाखवून रुग्णालयाने आणि रुग्णालयाकडे बोट दाखवून कंपनीने हात झटकण्याचा प्रसंग पुढे येईल, अशी मला भीती वाटते. तोपर्यंत ज्याने संमतिपत्रावर सही घेतली, त्याच्याकडेच आपण पाहावे.

संमतिपत्राचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. शस्त्रक्रियेचा व्हिडिओ साठवला जाणार असेल आणि पुढे सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी वापरला जाणार असेल, तर तसे वेगळे वाक्य त्या कागदावर असायला हवे आणि त्याला नकार दिल्याने उपचारात फरक पडता कामा नये. पोटाच्या आतल्या चित्रावरून माणूस ओळखू येत नाही हे खरे, पण दुर्बीण आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर कॅमेरा चालूच असतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात नाव व केस क्रमांक दिसत असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर रुग्णालये याबाबत अधिक जागरूक होऊ लागली आहेत.

आता आपल्या आईंबद्दल. तपासल्याशिवाय मी सल्ला देऊ शकत नाही, तरी मी आपल्या जागी असतो तर काय केले असते ते सांगतो. दोन्ही सर्जनना मी एकच प्रश्न विचारला असता, की नळी स्पष्ट दिसली नाही तर आपण काय करता? ज्यांनी न अडखळता "मग मी थांबतो, अर्धवट काढतो किंवा पोट उघडतो, आणि ते मी आधीच संमतिपत्रात लिहून घेतो" असे सांगितले, त्यांच्याकडे गेलो असतो, त्यांच्याकडे रोबोट असो वा नसो. पोट उघडावे लागणे म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असे नातेवाइकांना वाटते आणि त्या दडपणाखाली सर्जन पुढे रेटत राहतो. हे दडपण कमी करणे आपल्या हातात आहे. आदल्या दिवशी "गरज पडली तर खुशाल उघडा" एवढे म्हटलेत, तरी पुष्कळ झाले. मोठ्या रुग्णालयात हिरव्या औषधाने नलिका उजळून दाखवण्याची सोय साध्या दुर्बिणीवर आहे का आणि तिचे वेगळे किती पडतात, हेही विचारा. दीड लाखांच्या मानाने ती रक्कम किरकोळ असते.

विम्याचे म्हणाल, तर विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनंतर रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण तिच्यासाठी उपमर्यादा, म्हणजे विम्याच्या एकूण रकमेपेक्षा कमी अशी वेगळी कमाल रक्कम, घालता येते. आपल्या पॉलिसीत ती किती आहे हे शस्त्रक्रियेच्या तारखेआधी लेखी मागून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हे कळलेली बरीच कुटुंबे मी पाहिली आहेत.

आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा काढून पाहा. त्यात 'सीबीडी' या अक्षरांपुढे मुख्य पित्तनलिकेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असेल. ती सहाच्या बरीच वर असेल, किंवा झटक्याच्या वेळी डोळे पिवळे झाले होते, लघवी गडद झाली होती असे आईंना आठवत असेल, तर नलिकेतही खडा असण्याची शक्यता असते आणि तसे असेल तर शस्त्रक्रियेआधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी, करून घ्यावी लागते. ही गोष्ट दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन झटके येऊन गेलेले आहेत, तेव्हा रोबोट की साधी दुर्बीण या चर्चेत आणखी तीन महिने घालवू नका.